विमा आपल्या हक्काचा, पण कागद कुठे आहे?

आजारपण सांगून येत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. ते खरेही आहे. पण आजारपणाचा खर्च मात्र सांगूनच येतो. हॉस्पिटलच्या काउंटरवर बसलेला माणूस तो पहिल्याच मिनिटाला सांगतो. "आधी डिपॉझिट भरा, मग पुढचे बघू." त्या एका वाक्याने आपल्या किती घरांची दहा-दहा वर्षांची बचत धुऊन नेली असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या ओळखीच्या एका घरातील कर्ता पुरुष, वय सेहेचाळीस. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. पगार सोळा हजार. रात्री दीड वाजता छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम फुटला. मुलाने रिक्षा आणली. रिक्षावाल्याने जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेऊन सोडले. तेथे पन्नास हजार डिपॉझिट मागितले. सकाळ व्हायच्या आत वहिनींनी गळ्यातले काढून दिले, त्याचे चाळीस हजार आले. बचत गटाने चाळीस हजार दिले. उरलेले ऐंशी हजार महिना पाच टक्क्यांनी उचलले. एकूण एक लाख साठ हजार. माणूस वाचला, ही मोठीच गोष्ट झाली. पण ऐंशी हजारांचे नुसते व्याजच महिन्याला चार हजार. म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा, आणि मुद्दल जसेच्या तसे.

पंधरा दिवसांनी आम्ही भेटायला गेलो. बोलता बोलता सहज पगारचिठ्ठी मागितली. चिठ्ठीवर एका ओळीत लिहिले होते, 'ई.एस.आय. १२०'.

आम्ही विचारले, "भाऊ, हे एकशेवीस रुपये कशाचे?"

"कापतात दर महिन्याला. सगळ्यांचेच कापतात."

"तुमचा विम्याचा नंबर कुठे आहे?"

"तो ठेकेदाराकडे असेल बघा."

आतून वहिनी म्हणाल्या, "अहो, हा विमा म्हणजे मेल्यावर मिळतो तो ना?"

वाचक बंधू-भगिनींनो, या एका प्रश्नासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. हा मेल्यावर मिळणारा विमा नव्हे. जगण्यासाठी आहे. चार वर्षे दर महिन्याला या माणसाच्या नावाने पैसे भरले जात होते. वाशीला राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, पण त्याची पायरी हे कुटुंब कधी चढले नव्हते. शिवाय घरात केशरी रेशनकार्ड होते, पण ते गावी, जालना जिल्ह्यात, भावाच्या पेटीत. घरात दोन छत्र्या असून माणूस पावसात भिजला.

हा विमा आला कुठून?

कामगाराच्या आजारपणाची जबाबदारी एकट्या कामगारावर टाकू नये, हा विचार आपल्याला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातील स्त्रियांना बाळंतपणात विश्रांती व भत्ता मिळावा असे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, मार्च १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्या पायावर एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा मंजूर झाला. तेव्हा बाबासाहेब स्वतंत्र भारताचे कायदामंत्री होते. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना प्रत्यक्ष सुरू झाली आणि १९५४ मध्ये नागपूर व मुंबईतील कामगारांपर्यंत पोहोचली. इंग्लंडमध्ये सर्वांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. आपल्याकडचा कामगार विम्याचा कायदाही त्याच वर्षीचा. म्हणजे या बाबतीत आपला देश जगाच्या फार मागे नव्हता.

१९४८ चा हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नाव बदलले, पण विम्याचे मूळ तत्त्व तेच आहे. कामगार थोडे देतो, मालक जास्त देतो आणि आजारी पडलेल्याला गरजेप्रमाणे मिळते. म्हणून हा विमा कोणाचे उपकार नाहीत. ते आपलेच पैसे आहेत.

पगारचिठ्ठी वाचायला शिका

हिशेब सोपा आहे. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या विम्यात येतो. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासूनची आहे. दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात त्या कारखान्याला विमा बंधनकारक आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के घालतो.

आमच्या या भावाचेच उदाहरण घ्या. सोळा हजारांवर त्याचे १२० रुपये, मालकाचे ५२० रुपये. मिळून महिन्याला ६४०. चार वर्षांचे झाले ३०,७२० रुपये. एवढे पैसे त्याच्या नावाने जमा झाल्यावरही त्याला एक लाख साठ हजार रुपये उभे करावे लागले, कारण हातात नंबर नव्हता आणि डोक्यात माहिती नव्हती.

या पैशांत काय मिळते? कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून दवाखाना आणि औषधे मिळतात. साध्या तापापासून ऑपरेशनपर्यंत. आपल्या रुग्णालयात सोय नसेल तर करार केलेल्या मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी देऊन पाठवतात. अशा मोठ्या उपचारांसाठी मात्र काही महिन्यांची वर्गणी भरलेली असावी लागते. शिवाय आजारपणात पगार बुडतो, त्याचीही सोय आहे. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असेल तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के आणि अधिक काळ मिळते. विमाधारक स्त्रीला बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण मजुरी मिळते. कामावर अपघात होऊन अपंगत्व आले तर वेगळा लाभ, आणि मृत्यू झाला तर मागे राहिलेल्यांना निवृत्तिवेतन.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तुर्भे, नेरूळच्या डोंगरांवर दगडखाणी होत्या. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली आपली कितीतरी माणसे तेथे सुरुंगाच्या धुरात आणि दगडाच्या भुकटीत राबली. त्या भुकटीने छातीला जो रोग होतो त्याला सिलिकोसिस म्हणतात. कायद्याच्या यादीत तो 'धंद्यामुळे होणारा रोग' म्हणून नोंदलेला आहे, म्हणजे त्याला कामावरच्या अपघाताचा दर्जा आहे. पण ज्यांची हजेरी कुठल्याही रजिस्टरात नव्हती, ते कोणत्या कागदाने सिद्ध करणार? कित्येकांच्या बाबतीत तो खोकला 'दम्याचा' ठरला आणि माणूस घरच्या खाटेवर गेला. कागद नसण्याची ही किंमत आहे.

ठेकेदार बदलला की नवा नंबर काढून घेऊ नका. विम्याचा दहा आकडी नंबर एकच असतो आणि तो नोकरी बदलली तरी चालतो. नवा नंबर काढला तर जुनी वर्गणी वेगळी पडते आणि ७८ दिवस भरत नाहीत. ठेकेदाराने पैसे कापले पण भरले नाहीत तर? ठेकेदार पळाला म्हणून कारखान्याचा मूळ मालक हात वर करू शकत नाही. ठेक्यावरच्या कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी त्याचीच आहे. लेखी तक्रार करा, एकट्याने नव्हे, पाच-दहा जणांनी मिळून करा.

रेशनकार्डावरची योजना

आता ज्यांच्याकडे पगारचिठ्ठीच नाही त्यांचे काय? घरकाम करणाऱ्या आमच्या भगिनी, नाक्यावर उभे राहणारे मजूर, भाजीची पाटी, भंगार, रिक्षा. नवी मुंबईच्या टॉवरमधली भांडी आणि फरशी ज्यांच्या हातांनी रोज स्वच्छ होते, त्यांच्या नावाने कोणी मालक सव्वातीन टक्के भरत नाही. त्यांचा आधार म्हणजे राज्य सरकारची योजना. म्हणूनच राज्याचे आरोग्य धोरण हा आपल्या घरातला विषय आहे. राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा विषय राज्यांच्या यादीत घातला आहे, आणि अनुच्छेद ४७ ने लोकांचे आरोग्य सुधारणे हे शासनाचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे.

महाराष्ट्रात १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जीवनदायी आरोग्य योजना आली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोजक्या आजारांपुरती ती होती. त्यानंतर २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे होते : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर.

या यादीत ठाणे नाही, हे लक्षात आले का? नवी मुंबई दोन जिल्ह्यांत पसरलेली आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात. म्हणजे खाडीपलीकडचे मानखुर्द योजनेत आले, इकडे खारघर योजनेत आले आणि मधली वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर बाहेर राहिली. बेलापूर ते खारघर, लोकलचे एका स्टेशनाचे अंतर. तेच काम करणाऱ्या, त्याच रंगाचे कार्ड असणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीच्या नवऱ्याचे ऑपरेशन मोफत आणि दुसरीच्या नवऱ्याला कर्ज. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना सगळ्या राज्यात लागू झाली तेव्हा हा फरक संपला. मधले सव्वा वर्षाहून अधिक दिवस ज्यांचे आजार थांबले नाहीत, त्यांना धोरण म्हणजे काय ते चांगलेच कळले असेल. मंत्रालयात नकाशावर ओढलेली रेघ कोणाच्या तरी घराच्या उंबऱ्यावरून जाते.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाख झाले आणि पिवळ्या, केशरी कार्डांबरोबर पांढरे कार्डवालेही योजनेत आले. १ जुलै २०२४ पासून त्याप्रमाणे १,३५६ उपचारांची यादी लागू झाली. २०२५ मध्ये ही यादी आणखी वाढवण्याचा निर्णयही झाला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक वृद्धाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचे वेगळे कार्ड मिळते. आपल्या आई-वडिलांचे ते काढले आहे का, हे आजच बघा.

योजना काय देते आणि काय देत नाही

हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण अर्धवट माहिती घेऊन गेलेला माणूस भांडतो आणि हात हलवत परत येतो.

पहिली गोष्ट, योजना प्रत्येक हॉस्पिटलात नसते. सरकारने यादीत घेतलेल्या, म्हणजे अंगीकृत रुग्णालयातच ती चालते. दुसरी गोष्ट, अंगीकृत रुग्णालयातही सगळेच उपचार नसतात. एखाद्या ठिकाणी हृदयाचे होते, हाडाचे होत नाही. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले आहेत. तिसरी गोष्ट, आत शिरल्यावर डॉक्टरच्या आधी 'आरोग्यमित्र' गाठायचा. अशा प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. तो नोंदणी करतो, कागद बघतो, मंजुरीसाठी पाठवतो. जीव जाण्याची वेळ असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात. मंजुरी मिळाली की खाट, तपासण्या, औषधे, ऑपरेशन, रुग्णाचे जेवण यांचा पैसा घ्यायचा नसतो. तरीही कोणी 'वरचे' पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या मोफत क्रमांकावर तेथूनच फोन करा. घरी आल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा खाटेजवळून केलेल्या फोनला अधिक वजन असते.

आता काय मिळत नाही ते. रोजची बीपीची गोळी मिळत नाही. शुगरचे औषध, खोकला, ताप, पोराची हगवण, डोळ्याचा चष्मा, यांचा या योजनेशी संबंध नाही. योजना ऑपरेशनच्या टेबलाचा खर्च देते. त्या टेबलापर्यंत माणूस कसा पोहोचतो, त्या वाटेचा खर्च ती देत नाही. आणि आपल्या घरातला पैसा त्या वाटेवरच झिरपून जातो. आज दोनशे, परवा तीनशे. केंद्र सरकारच्याच हिशेबाप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातील आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के पैसा लोकांनी उपचारांच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरला. आठ वर्षांपूर्वी हा आकडा ६४.२ टक्के होता. घट झाली हे चांगलेच आहे. पण शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून खिशातूनच जातात, आणि फाटक्या खिशाला चाळीस रुपयेही जड असतात.

मोठ्या हॉस्पिटलातल्या आपल्या खाटा

आणखी एक दार आहे, ते आपल्या लोकांना फारसे माहीत नाही. जी मोठी रुग्णालये धर्मादाय ट्रस्ट म्हणून नोंदलेली आहेत, त्यांना करात, जमिनीत सवलती मिळतात. त्या बदल्यात महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. त्यासाठी रुग्णालयाने एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची असते. वर्षाला १,८०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब निर्धन आणि ३,६०,००० पर्यंतचे दुर्बल घटकात धरले जाते.

आमच्या या भावाचे वर्षाचे उत्पन्न १,९२,०००. म्हणजे तो दुर्बल घटकात बसत होता. रुग्णालय धर्मादाय असेल, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड हातात असेल आणि त्या गटातील खाट रिकामी असेल, तर सवलत मागता येते. 'खाट नाही' असे सांगितले तर ते लेखी मागा. लेखी मागितले की पुष्कळदा खाट सापडते.

दवाखाना जगला पाहिजे

आता धोरणाबद्दल स्पष्ट बोलू. विमा हवा की सरकारी दवाखाना हवा, असा प्रश्न कोणी विचारला तर आपले उत्तर 'दोन्ही' असले पाहिजे. पण आधी दवाखाना. कारण विमा माणूस पडल्यावर धावतो आणि दवाखाना माणूस पडू नये म्हणून असतो. वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात बीपीची गोळी दर महिन्याला वेळेवर मिळाली, तर रात्री दीडची रिक्षा कित्येक घरांना लागणारच नाही. पाच लाखांच्या कार्डाचा फोटो मोठा येतो. गोळीच्या पाकिटाचा फोटो कोणी काढत नाही.

नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झाली. आज वाशी, नेरूळ आणि ऐरोली येथे तिची रुग्णालये आहेत आणि प्रभागांत नागरी आरोग्य केंद्रे आहेत. पनवेलला राज्य सरकारचे उपजिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. क्षयरोगाची तपासणी आणि औषध सरकारी केंद्रात मोफत असते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. या सोयी आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण दिघा, चिंचपाडा, तुर्भे स्टोअरच्या बाईला सकाळची ओपीडी गाठायची तर त्या दिवसाच्या कामाचा खाडा पडतो. संध्याकाळी दवाखाना चालू असणे ही तिच्यासाठी चैन नाही. कामगार वस्तीत दवाखान्याची वेळ कामगाराच्या वेळेप्रमाणे हवी, एवढी साधी मागणी आहे.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचा आठ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्यावर खर्च करावा असे सांगितले. महाराष्ट्र देशातील श्रीमंत राज्यांपैकी एक असूनही त्या आकड्याच्या बराच मागे आहे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण नळ, गटार, रस्ता विचारतो. यापुढे चौथा प्रश्न विचारा. आमच्या वस्तीच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर किती वाजेपर्यंत बसतो आणि औषध बाहेरून का आणावे लागते?

कोणी म्हणेल, खासगी कंपनीची पॉलिसी घ्यावी. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी. व्यक्ती आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. पण घेताना जुन्या आजाराला किती वर्षे थांबावे लागेल, ते आधी वाचा. आणि पॉलिसी घेतली म्हणून सरकारी दवाखान्याबद्दल बोलणे थांबवू नका.

या रविवारी घरात एवढे करा

एक. पगारचिठ्ठी काढा. ई.एस.आय.ची ओळ असेल तर विम्याचा नंबर ठेकेदाराकडून लेखी घ्या आणि ई-पहचान कार्ड काढून त्यात बायको, मुले, आई-वडील यांची नावे आहेत की नाहीत ते बघा.

दोन. रेशनकार्ड गावी असेल तर ते मागवा किंवा येथे बदलून घ्या. सुनेचे आणि नव्या बाळाचे नाव त्यात घाला. आधार कार्डावरचे नाव आणि रेशनकार्डावरचे नाव सारखे करून घ्या. एका अक्षराच्या फरकाने मंजुरी अडते.

तीन. घरातील सर्वांची आयुष्मान कार्डे काढा. सत्तरीपुढच्यांचे आधी.

चार. आपल्या घराजवळचे योजनेतील रुग्णालय कोणते आणि तेथे हृदय, डोके, हाड, डायलिसिस यांपैकी काय होते, ते आताच विचारून दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. खाली १०८ आणि १५५३८८ हे नंबर लिहा. रात्री दीड वाजता रिक्षावाल्याने ठरवू नये, आपण ठरवलेले असावे.

पाच. हे सगळे कागद एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या शाळकरी मुलीलासुद्धा माहीत असू द्या.

हे काम एकट्याच्या घरी होत नसेल तर चार घरांनी मिळून करा. वाचता येणारी मुले वस्तीत आहेत, विहारात जागा आहे, रविवारचा एक तास आहे. वर्गणी काढून उत्सव करणारी आपली मंडळे पगारचिठ्ठ्या तपासण्याचा एक रविवार सहज करू शकतील.

आमच्या या भावाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मुलाने ठेकेदाराकडे चार खेपा घातल्या. तेव्हा कुठे नंबर मिळाला. आता तातडीच्या उपचारांचा खर्च परत मिळावा म्हणून बिले जोडून अर्ज केला आहे. नियमाप्रमाणे जो दर बसेल तेवढाच परतावा मिळतो, पूर्ण बिल मिळत नाही. किती मिळतील आणि केव्हा, ते अर्ज निकाली निघेल तेव्हा कळेल. व्याज मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जाते. पुढच्या तपासण्या आणि औषधे आता वाशीच्या विमा रुग्णालयातून मिळतात, तेवढा रोजचा खर्च वाचला.

परवा वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "दादा, आमच्या चाळीतल्या बाया आता नवऱ्यांच्या पगारचिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे येतात. मला फारसे वाचता येत नाही, पण ती ओळ मला बरोबर दाखवता येते."